परसातले पाहुणे

चंद्रपूर म्हटले की परगावच्या माणसाला प्रथम वाघ आठवतो, आणि वाघाच्या मागोमाग ऊन. दोहोंतही अतिशयोक्ती नाही. ताडोबाचे अरण्य १९५५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले, १९९५ साली तेथे व्याघ्रप्रकल्प आला, आणि आता दूरदूरच्या गावांहून माणसे केवळ वाघाचे एक ओझरते दर्शन घडावे म्हणून पहाटेच्या अंधारात उघड्या गाड्यांतून अरण्याच्या दारापाशी येऊन उभी राहतात. उन्हाचे तर विचारूच नये. मे महिन्यात येथला पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही.

या शहरात, गोंडराजांनी बांधलेल्या जुन्या परकोटाच्या आत, जटपुरा दरवाजापासून फार लांब नाही अशा एका गल्लीत एक शिक्षक राहतात. मुले त्यांना नुसते गुरुजी म्हणतात. शाळेत ते भूगोल आणि गणित शिकवतात. घरी ते आणि त्यांची वृद्ध आई, अशी दोनच माणसे. घरामागे बेताचे परस आहे. त्यात एक लिंबाचे रोपटे, एक कढीपत्ता, कण्हेर, सदाफुली, झेंडू, तुळशीवृंदावन आणि कुंपणाच्या कडेला कोणी न लावता उगवलेली रुई. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक विद्युत केंद्र जवळ असल्यामुळे उन्हाळ्यात या साऱ्या झाडांवर करडी धूळ बसते, आणि पहिल्या पावसात ती धुऊन निघाली म्हणजे परस नव्याने रंगवल्यासारखे दिसू लागते. बाग म्हणावे असे तेथे काही नाही. लिंबाचे ते रोपटे मात्र आईने स्वतः बी रुजवून वाढवलेले होते, आणि त्याच्या पहिल्या लिंबाचे लोणचे कोणत्या बरणीत घालायचे, हेही तिने ठरवून ठेवले होते.

१९९० सालच्या आधी जन्मलेल्या बहुतेक माणसांप्रमाणे गुरुजींनाही फुलपाखरू म्हणजे चित्रकलेच्या वहीत काढावयाची एक सोपी आकृती, एवढेच ठाऊक होते. २०२० सालच्या मार्च महिन्यात साथीमुळे सारा देश घरात बंद झाला. शाळा मिटल्या. भाच्याने नवा कॅमेरा घेतला होता, म्हणून त्याचा जुना कॅमेरा मामांकडे येऊन पडला होता. तो कपाटातून बाहेर निघाला तो निव्वळ वेळ जात नव्हता म्हणून. एप्रिल-मेच्या रखरखाटात टिपावयाला परसात काहीच नव्हते. जूनमध्ये पाऊस आला, सदाफुलीला बहर आला, आणि जुलैच्या एका सकाळी काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके असलेले एक फुलपाखरू लिंबाभोवती घिरट्या घालू लागले. गुरुजी कॅमेरा घेऊन धावले. छायाचित्रात लिंबाची फांदी तेवढी आली, फुलपाखरू नव्हते.

दुसऱ्या दिवशी आले, पण पिवळ्या-काळ्या धुरकट रेघेसारखे. तिसऱ्या दिवशी त्याचा अर्धा पंख आला. शिक्षकाला विद्यार्थी होण्याची सवय राहिलेली नसते, त्यामुळे पहिले काही दिवस गुरुजी कॅमेऱ्यालाच दोष देत राहिले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानी आले की धावत जाणाऱ्या माणसाला फुलपाखरू कधीच भेटत नाही. त्याचे डोळे मोठे असतात आणि हालचाल त्यांना फार लवकर जाणवते. माणसाची सावली त्याच्या अंगावर पडली की ते उडालेच म्हणून समजावे. म्हणून सूर्याकडे पाहून आपली सावली कोठे पडते आहे ते आधी ठरवावे लागते, मग वाकून, जवळजवळ रांगत, एकेक वीत पुढे सरकावे लागते. सकाळची वेळ सर्वांत चांगली. कारण फुलपाखराच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. रात्री गारठलेले ते जीव सकाळी पंख पसरून उन्हात बसतात, आणि स्नायू तापल्याखेरीज त्यांना नीट उडता येत नाही. त्या अर्ध्या-पाऊण तासात कॅमेऱ्याला संधी असते. पंख पूर्ण स्पष्ट यायचे असतील तर कॅमेऱ्याचे तोंड पंखांना समांतर धरावे लागते. थोडे तिरके झाले की एक टोक स्वच्छ आणि दुसरे धुकट. आणि बाकी काही चुकले तरी चालेल, पण डोळा स्पष्ट यावयास हवा. डोळा धुकट असलेले छायाचित्र, पंख कितीही सुंदर असोत, निर्जीव वाटते.

फुलपाखरे पाहण्याची हौस या भागात नवी नाही. साधने तेवढी बदलली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोक त्याला अजबबंगला म्हणतात, आणि नागपूरला गेलेल्या चंद्रपूरच्या मुलाला तो दाखवल्यावाचून परत आणण्याची पूर्वी पद्धत नव्हती. या संग्रहालयातले डी'अब्रू नावाचे अभ्यासक त्या काळच्या मध्य प्रांतात जाळे घेऊन हिंडले, आणि १९३१ साली त्यांनी येथल्या फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. त्या काळी फुलपाखरू ओळखायचे म्हणजे जाळ्यात पकडायचे, मारायचे, टाचणीने टोचून पेटीत ठेवायचे, आणि मग सवडीने भिंगाखाली न्याहाळायचे. आज आपल्याला ते क्रूर वाटते. परंतु त्या पेट्यांवाचून पुढल्या अभ्यासकांना तुलनेसाठी काही हाताशी राहिले नसते, हेही खरे. २०११ साली विदर्भातील फुलपाखरांची नवी नोंद प्रसिद्ध झाली, तीत १६७ जाती आहेत. २०१५ साली महाराष्ट्राने काळ्या मखमली पंखांवर निळी झाक मिरवणाऱ्या एका मोठ्या फुलपाखराला राज्य-फुलपाखराचा मान दिला. त्याला कोणी राणी पाकोळी म्हणतात, कोणी नीलवंत. त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. हे वाचल्यापासून गुरुजी आपल्या रोपट्याकडे आशेने पाहू लागले. ती राणी त्यांच्या परसात अद्याप आलेली नाही.

आली ती साधीसुधी, लिंबाचे फुलपाखरू म्हणून ओळखली जाणारी ठिपकेवाली मादी. आता गुरुजी धावत नव्हते, म्हणून ती काय करते ते त्यांना दिसले. ती पानावर टेकायची, पुढल्या पायांनी पानावर टकटक केल्यासारखे करायची, आणि उडायची. फुलपाखराच्या पायांना चव कळते. पान चाखून, हे लिंबाचेच आहे अशी खात्री पटल्यावर तिने पोटाचे टोक वाकवले आणि कोवळ्या पानावर एकच फिकट पिवळे, मोहरीहूनही लहान असे गोल अंडे चिकटवले. मग दुसऱ्या पानावर दुसरे. सारी अंडी एका जागी ठेवण्याचा धोका ती पत्करत नव्हती. गुरुजींनी पाच अंडी मोजली आणि पाटीवर तारीख लिहिली.

तीन-चार दिवसांनी अंड्यांतून केसांएवढ्या बारीक अळ्या निघाल्या. त्या वाढू लागल्या तशा तपकिरी झाल्या, मध्ये पांढरा डाग. थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या. त्यांना सोंग घ्यायचे होते तेच ते. विष्ठा कोण खाईल? शेवटची कात टाकल्यावर मात्र अळी हिरवीगार होते आणि पानांत दिसेनाशी होते. एवढ्यानेही भागले नाही तर तिच्यापाशी आणखी एक हत्यार असते. काडीने हलकेच डिवचले की डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुहेरी शिंग बाहेर पडते आणि उग्र वास सुटतो. गुरुजींनी काडी लावली ती एकदाच. वास दिवसभर बोटांना येत राहिला.

या सगळ्या काळात आई काय करत होती? ती पाने मोजत होती.

“अरे, शाळेत पोरांना झाडे लावा म्हणून सांगतोस, आणि घरचे झाड किड्यांना चारतोस?”

प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर नव्हते. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकांत याच अळीला कीड म्हणतात, आणि कोवळ्या रोपांची पाने ती खरोखरच फस्त करते. मोठ्या झाडाला चार पाने गेल्याचे दुःख नसते. हातभर रोपट्याला असते. गुरुजी म्हणाले, “आई, पाचच आहेत.” आई म्हणाली, “पाच पांडव पुरे झाले होते कौरवांना.” तरी तिने अळ्या काढून टाकल्या नाहीत. तिने नुसते रोपट्याला शेणखत घातले.

गुरुजींना आता एकच ध्यास लागला होता. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतची छायाचित्रांची मालिका पुरी करायची. मारिया सिबिला मेरियन नावाची एक जर्मन चित्रकार १६९९ साली धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतील सुरिनामच्या अरण्यात गेली होती, आणि अळी, कोष, फुलपाखरू व त्यांचे झाड ही सारी एकाच चित्रात तिने रंगवली. तिचे ते पुस्तक १७०५ साली निघाले. सुरिनामला जाण्याची गरज नव्हती. परस समोर होते. पाच हिरव्या अळ्यांपैकी सर्वांत मोठी एका आडव्या फांदीवर बसली होती. पण तिच्यासमोर नेमकी दोन पाने येत होती. कॅमेरा डावीकडे नेला तरी पान, उजवीकडे नेला तरी पान. गुरुजींनी घरातून कात्री आणली आणि ती दोन पाने कापून टाकली.

छायाचित्र अप्रतिम आले. अळीच्या अंगावरचे तपकिरी पट्टे, तिची आखूड पावले, सारे स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अळी तेथे नव्हती. कुंपणाच्या तारेवर एक बुलबुल बसून चोच पुसत होता. त्यानेच खाल्ली याला पुरावा काही नाही; अळ्या कोष करण्यापूर्वी जागा सोडून जातात हेही गुरुजींना ठाऊक होते. त्यांनी भोवतालची प्रत्येक काडी शोधली, भिंत शोधली, तुळशीवृंदावनाची मागची बाजू पाहिली. कोष कोठेही मिळाला नाही. ती दोन पाने जमिनीवर पडून वाळली होती. कॅमेऱ्यातले छायाचित्र त्यांनी पुसले नाही; परंतु ते कोणाला दाखवलेही नाही. उरलेल्या चारांपैकी दोन अशाच नाहीशा झाल्या. एकीचा कोष झाला, पण त्याला बारीक भोक पडले आणि आतून फुलपाखराऐवजी टाचणीच्या टोकाएवढ्या कितीतरी इवल्या गांधीलमाश्या निघाल्या. त्यांच्या आईने कोषात अंडी घालून ठेवली होती. पाचवी कोठे गेली ते कळलेच नाही. त्या पावसाळ्यात मालिका अपुरी राहिली.

दरम्यान परसात इतरही पाहुणे येत होते, आणि त्यांच्यामुळे गुरुजींचा दिवस जात होता. कण्हेरीच्या पानाखाली चांदीच्या दागिन्यासारखा लखलखणारा एक कोष लटकला. त्यातून निघाले ते साधे काळपट-तपकिरी फुलपाखरू. दागिना मोडून वस्त्र घ्यावे तसा हा व्यवहार! संध्याकाळी पालापाचोळ्यात दुसरेच एक तपकिरी फुलपाखरू उतरे. पंख मिटले की ते वाळके पान होऊन जाई. पावसाळ्यात त्याच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात आणि कोरड्या ऋतूत जन्मणाऱ्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे होतात. ऋतू बदलला की पानांचा रंग बदलतो, म्हणून सोंगही बदलते. रुईवर तर रोजच नारिंगी, काळ्या काठाची फुलपाखरे असत. रुईच्या विषारी चिकामुळे त्यांची अळी आणि पुढे फुलपाखरूही कडू होते, आणि पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. म्हणूनच ते इतके संथ उडते. छायाचित्रे काढणाऱ्याला हे फार सोयीचे. गुरुजींपाशी त्याची इतकी छायाचित्रे जमली की ती चाळताना एके रात्री त्यांना शंका आली. एका छायाचित्रात मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके होते. दुसऱ्यात ते नव्हते. दुसरे फुलपाखरू त्या जातीचे नव्हतेच. घोळीच्या भाजीवर वाढणाऱ्या, मुळीच कडू नसलेल्या वेगळ्याच जातीची ती मादी होती. तिचा नर काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा. आणि मादी मात्र शेजारणीचे नारिंगी लुगडे नेसून पक्ष्यांना चकवणारी. पक्षी फसतात ते फसतात. गुरुजीही महिनाभर फसले होते. उडत्या फुलपाखराला थांबवून असे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय पूर्वी टाचणीनेच होत असे. आता दोघीही कॅमेऱ्यात उतरून पुन्हा आपापल्या उद्योगाला निघून जात होत्या.

एका परिचिताने या सुमारास त्यांना सल्ला दिला की फुलपाखरू पकडून थोडा वेळ शीतकपाटात ठेवावे; ते बधिर होते, मग फुलावर ठेवून हवी तितकी छायाचित्रे काढावीत. पुष्कळ सुरेख छायाचित्रे अशी निघतात, असेही तो म्हणाला. गुरुजींनी सल्ला ऐकून घेतला. त्यांच्या डोळ्यांपुढे ती दोन वाळलेली पाने आली असावीत. शीतकपाटात त्या दिवशीही दूध आणि कोथिंबीरच राहिली.

पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात गुरुजींना काही कामासाठी आरमोरीस जावे लागले. वाटेत वैनगंगा लागते. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा निघालेला गडचिरोली जिल्हा म्हणजे साग, ऐन, मोह, बांबू आणि तेंदू यांचे अफाट रान. तेंदू म्हटले की येथल्या माणसाला मे महिन्यातली पानतोडणी आठवते. त्या चार पैशांवर घरोघरची पुढली तजवीज असते. पण याच पानांवर एका लाल-नारिंगी फुलपाखराचेही घर चालते. त्याची अळी तेंदूची पाने खाते, आणि मोठेपणी ते फुलांपेक्षा पिकून सडलेल्या फळांवर अधिक रमते. पावसाने उघडीप दिली तेव्हा एका नाल्याच्या ओल्या वाळूवर गुरुजींना फुलपाखरांची पंगत बसलेली दिसली. पिवळी, पांढरी, हिरवट. सोंडा वाळूत खुपसून सारी तल्लीन. बहुतेक नरच ते. फुलांच्या मधात न मिळणारे क्षार ते ओल्या मातीतून शोषून घेतात. कॅमेरा गळ्यात होता. गुरुजींनी तो बराच वेळ उचलला नाही.

आरमोरीच्या परिसरात त्यांनी जे पाहिले ते मात्र त्यांना अगदी अनपेक्षित होते. तेथल्या रानात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या रेशमाच्या अळ्या वाढवतात. आपल्याकडे त्या कापडाला कोसा म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय ढिवर समाजातील कुटुंबे करत आली आहेत. अळ्या झाडावर उघड्याच असतात. त्यांना ना पेटी ना जाळी. कावळे आणि इतर पक्षी टपलेले असतात, मुंग्या असतात, गांधीलमाश्या असतात. म्हणून घरातले कोणी ना कोणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत झाडाखाली राखण बसते. हातात गलोल. भाकरी तेथेच, पाऊस आला तर झाडाखालीच. हिरव्या, अंगठ्याएवढ्या जाड अळ्या वर पाने कुरतडत असतात आणि खाली एखादा म्हातारा माणूस आकाशाकडे डोळे लावून बसलेला असतो. एका झाडाची पाने संपली की त्या अळ्या दुसऱ्या झाडावर नेऊन सोडायच्या. पुढे कोष झाले की बहुतेक उकळले जातात. बियाण्यापुरते राखून ठेवतात, आणि त्यांतून मोठाले, पिवळसर-तपकिरी पतंग बाहेर येतात. त्या पतंगांना अन्न घेण्याजोगे तोंडच नसते. जेवढे खायचे ते अळीपणी खाऊन झालेले. आता अंडी घालायची आणि थोड्याच दिवसांत संपून जायचे.

घरी परतल्यावर गुरुजींनी हे सारे आईला सांगितले. आई तांदूळ निवडत होती.

“दिवसभर बसतात? अळ्यांसाठी?”

“दिवसभर. गलोल घेऊन.”

“पोटासाठी बसतात ते,” आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पण बसतात खरे.”

त्या सप्टेंबरात लिंबावर पुन्हा अंडी आली. रोपटे आता कमरेएवढे झाले होते. गुरुजी सकाळी घराबाहेर पडत. त्यामुळे दिवसा पहारा कसा चालला होता हे त्यांना बरेच दिवस कळले नाही. शेजारच्या मुलाने सांगितले, “गुरुजी, आजी बुलबुलाला शिव्या देते.” दुपारचे निवडणे-टिपणे, जपमाळ, डुलकी, सारे आईने लिंबाजवळच्या पायरीवर हलवले होते. हाताशी कपडे वाळत घालायची काठी असे. तीन अळ्या मोठ्या झाल्या. त्यांतली एक एके दिवशी खाणे सोडून फांदीवर स्वस्थ बसली. तिने फांदीला रेशमाची लहानशी गादी चिकटवली, कमरेभोवती एक धागा गुंडाळला, खांबावर चढणारा माणूस दोर बांधतो तसा, आणि त्याला टेकून राहिली. दुसऱ्या दिवशी कात गळून पडली आणि हिरवा कोष उरला. हिरव्या फांदीवर कोष हिरवा. हाच वाळक्या काठीवर झाला असता तर बहुधा तपकिरी झाला असता.

त्या आठवड्यात गुरुजींच्या वर्गातली दहा-बारा मुले तो कोष पाहावयास येऊन गेली. मुलांनी पुष्कळ प्रश्न विचारले. आतमध्ये अंधार असतो का? श्वास कसा घेतो? एका मुलीने विचारले, “गुरुजी, आपण फुलपाखरू होणार हे अळीला माहीत असते का?” कोषाच्या आत अळीचे शरीर बरेचसे विरघळते आणि त्यातूनच पंख, पाय, सोंड असे नवे अवयव घडतात, येथपर्यंत गुरुजींना सांगता आले. तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे त्यांना आणि तिलाही समजले.

नवव्या दिवशी संध्याकाळी कोष काळपट झाला आणि कवचाआडून पंखांवरचे पिवळे ठिपके दिसू लागले. म्हणजे उद्या पहाट. गुरुजी चार वाजता उठले. कॅमेऱ्याची बॅटरी भरलेली, तिपाई लावलेली, वर ओल येऊ नये म्हणून छत्री. पाच वाजले. साडेपाच वाजले. फटफटू लागले. कोष तसाच. सहाला नळ आला. चंद्रपुरात नळ आला म्हणजे आला. पाणी तासभर राहील की पाव तास, याचा भरवसा नाही. गुरुजी उठण्याआधीच आई म्हणाली, “जा, भरून ये. मी आहे.”

पिंप भरले, हंडे भरले, दोन घागरी भरल्या. गुरुजी ओल्या पायांनी परत आले तेव्हा आई हाताच्या इशाऱ्याने त्यांना हळू ये म्हणत होती. कोष रिकामा होता, कागदासारखा पातळ. त्याच्या शेजारी चुरगळलेल्या ओल्या चिंधीसारखे काहीतरी फांदीला लोंबत होते.

“पाठ उकलली,” आई कुजबुजली. “शेंग उकलते ना, तशी. आधी डोके आले. मग पाय काढले एकेक करून. मग मला वाटले, पडते आता. पण धरली त्याने फांदी.” तिने स्वतःची दोन बोटे वाकवून दाखवली. “अशी.”

ज्या क्षणासाठी दोन पावसाळे गेले तो कॅमेऱ्यात आला नाही. तो फक्त आईने पाहिला. गुरुजी तिपाईमागे वाकले. त्या चिंधीत आता पोटातला रस शिरत होता आणि पंख वाळूत पाणी पसरावे तसे हळूहळू उलगडत होते. ठिपके मोठे झाले, मागच्या पंखावरचा विटकरी ठिपका उजळला. उजेड उत्तम होता. फक्त एक पान मध्ये येत होते. डाव्या पंखाचा कोपरा त्याने झाकला होता.

“ते पान कर ना बाजूला,” आई म्हणाली. “मी धरू?”

“असू दे,” गुरुजी म्हणाले.

साडेसातच्या सुमारास ऊन भिंतीवरून परसात उतरले. फुलपाखराने पंख दोनदा उघडले, मिटले, आणि तिसऱ्यांदा उघडले ते सरळ परकोटाच्या दिशेने निघून गेले. ते छायाचित्र, पानासकट, आता गुरुजींच्या वर्गात भिंतीवर लावलेले आहे. नव्याने आलेली मुले हटकून विचारतात की मध्ये पान कशाला येऊ दिले, आणि जुनी मुले त्यांना लिंबाच्या त्या पहिल्या अळीची गोष्ट सांगतात.

आईने त्या दिवशी लिंबाची पाने पुन्हा मोजली. उरली होती त्यांत धड म्हणावी अशी अकरा. तिने शेणखत घातले, आळे केले. पंधरवड्यात फांद्यांच्या टोकांना तांबूस पालवी फुटली, आणि पालवी फुटली न फुटली तोच एका दुपारी ठिपकेवाली एक मादी रोपट्याभोवती घिरट्या घालू लागली. आई पायरीवरच होती. तिने काठी उचलली नाही. घराकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली,

“अरे, तिला म्हणावे, या खेपेस कढीपत्त्यावर जा. लिंबाला जरा दम घेऊ दे.”